बाविसावा नरक

आमच्या गुरुजींसमोर 'नरक' हा शब्द सैलपणे वापरायची कुणाची छाती नव्हती. शिव्या चालत. समोरचा दूधवाला आपल्या म्हशीला काय वाटेल ते म्हणे, गुरुजी मान वर करीत नसत. पण त्याच दूधवाल्यानं तुंबलेल्या गटाराकडं बघून "नुसता नरक झालाय बघा" म्हटलं, की ओट्यावर तपकीर ओढत बसलेले गुरुजी तिथूनच ओरडत, "नरक नव्हे! गटार! गटाराला गटार म्हणावं. नरकात व्यवस्था असते. कोण आला, कशासाठी आला, किती काळ राहणार, सगळं ठरलेलं. तुमच्या या गटाराचं काय ठरलंय?"

दूधवाला गटाराच्या वतीनं माफी मागितल्यासारखा मान घालून निघून जाई.

शेजारच्या बाई कावून पोराला म्हणाल्या, "नरकात जाशील मेल्या!" तर हे कुंपणावरून विचारत, "कोणत्या?" बाई गडबडून जात. "अहो, नुसतं नरकात जा म्हणजे नुसतं पुण्याला जा म्हटल्यासारखं झालं. पुण्यात कुठं? कसब्यात, शनिवारात, की लष्करात? पोरानं शोधायचं कसं?" मग पोराचा गुन्हा नीट विचारून घेत. बहुधा तो साखर खाल्ल्याचा असे. "साखरेला नरक नाही. दोन धपाटे पुरेत," असा निकाल देऊन ते पुन्हा तपकिरीकडे वळत. धपाटे मात्र पोरगं सुखरूप घरात पळेपर्यंत गुरुजी त्याला मिळू देत नसत.

लोक त्यांना पाठीमागं 'नरकगुरुजी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "नुसतं गुरुजी म्हणून ओळख पटत नाही. चिंचवडात गुरुजी पुष्कळ आहेत," म्हणत.

मी तसा बोलणारा माणूस नव्हे. घरात मला घुम्या म्हणतात. बायकोला लग्नानंतर कित्येक वर्षं वाटे की हा मनात कसला तरी हिशेब करीत असतो. तिचं काही फार चुकत नव्हतं. गुरुजींविषयी मी परवापरवापर्यंत कुणाशी बोललो नव्हतो, कारण त्यांच्याविषयी बोलायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायची तर मला माझ्यापर्यंत यावं लागतं. आता पन्नाशी उलटली. सांगून टाकतो.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा मी टाइमकीपर म्हणून लागलो. सातारकडचं आमचं गाव, घरी थोडी शेती. मी थोरला, शेती आणि वडील दोन्ही धाकट्यावर टाकून आलो होतो. गुरुजींच्या घराला लागून एक पत्र्याची खोली होती, ती मला मिळाली. गुरुजी एकटेच. पत्नी वारलेली, मुलगी नगरला दिलेली. उंच, जरा वाकलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. आवाज मात्र असा की ओट्यावर शिंकले तर नदीपलीकडं कुणी तरी "जीव रे" म्हणावं.

त्यांचा धंदा म्हणजे गरुडपुराण. कुणी गेलं की त्या घरी दहा दिवस तिसऱ्या प्रहरी पोथी लावायची. मेलेला माणूस तेवढे दिवस घरातच असतो आणि ऐकतो, अशी समजूत. म्हणून एक पाट त्याच्यासाठी रिकामा मांडतात. पोथी सुट्या पानांची, दोन फळ्यांत धरून लाल फडक्यात बांधलेली. संस्कृत वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मोतीबिंदूमुळं पुढं पुढं त्यांना पान सुलटं की उलटं ते चटकन कळेना. माझी पहिली पाळी दुपारी सुटे. मॅट्रिकपर्यंत संस्कृत झालेलं. "टाइमकीपर, चल," म्हणाले एकदा, आणि मी त्यांच्या डाव्या हाताला बसून पानं सुलटी करून द्यायला लागलो.

चौऱ्याऐंशी लक्ष नरक, त्यांत मोठे एकवीस. तामिस्र, रौरव, महारौरव, कुंभीपाक, कालसूत्र, अवीची... ही नावं गुरुजी गाडीची स्टेशनं सांगावीत तशी सांगत, आणि कुठं कोण उतरणार तेही. स्वर्गाविषयी त्यांना फारसं सांगता येत नसे. कुणी विचारलंच तर म्हणत, "तिथं काय? गाणं, अमृत, गाणं. माणूस तिथं जातो एवढंच बरं. सांगण्यासारखं काही नाही."

त्यांचे दोन नेम होते. पहिला, पोथीतलं एक अक्षर गाळायचं नाही आणि एक घालायचं नाही. "हे पान माझं नाही. मी पोस्टमन. पोस्टमननं मजकुरात भर घातली तर?" दुसरा नेम मला तेव्हा नीटसा कळला नव्हता. ते कधीही, कुणालाही, तू अमक्या नरकात जाशील असं म्हणत नसत. बोट दाखवत नसत. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "हा शब्द दुसऱ्यासाठी नाहीच मुळी. घरात आरसा असतो ना? तो शेजाऱ्याच्या तोंडापुढं धरून दाढी करता येते का? नरक म्हटलं की आपली हनुवटी बघायची."

आणि लोकही मोठे विलक्षण. कारखाने नवे, पापं नवी. ती पोथीत कुठं बसतात ते विचारायला ओट्यावर येत. एक जण आला. मित्राला उशीर होणार होता, म्हणून यानं त्याचंही हजेरीचं कार्ड कारखान्याच्या घड्याळात घालून ठोकलं होतं. गुरुजींनी माझ्याकडून घड्याळ, कार्ड, छाप सगळं समजून घेतलं. "म्हणजे जो नाही तो आहे, असं सांगितलंस. खोटी साक्ष. खोट्या साक्षीला अवीची. उंच कड्यावरून खाली डोकं करून सोडतात. खाली पाणी दिसतं, ते पाणी नसतं, दगड असतो." तो मनुष्य दुसऱ्या दिवसापासून मित्राच्या आधी मित्राच्या दारात उभा राहून त्याला उठवू लागला.

कॅन्टीनचा आचारी आला. जिवंत प्राणी शिजवणाऱ्याला कुंभीपाक, हे त्यानं कुठल्याशा मयताच्या घरी ऐकलेलं. "गुर्जी, अंडं जित्तं असतंय का मेलेलं?" गुरुजींनी मला दोन दिवस पोथी चाळायला लावली. तिसऱ्या दिवशी त्याला बोलावून म्हणाले, "पोथी अंड्यावर बोलत नाही. तू आमटीकडे बघ. तुझी आमटी खाऊन माणसं जे बोलतात, ते मी ऐकलंय." देहूरोडच्या लष्करी डेपोतला एक हमाल आला, बंदुकीच्या गोळ्यांच्या पेट्या उचलणारा. त्याची गोळी कुठं कुणाला लागली तर पापात त्याचा वाटा किती? गुरुजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "पेटी उचलणाऱ्याला पाठदुखी," म्हणाले. "ती इथंच भोगायची. जा, तेल लावून घे."

सगळ्यांत जास्त पापं अर्थात माझी. एस.टी.त म्हाताऱ्याला जागा न दिल्याचं, एकादशीला विसरून पोहे खाल्ल्याचं, धाकट्यावर शेती टाकल्याचं. रोज संध्याकाळी एक तरी घेऊन मी ओट्यावर हजर. शेवटी वैतागून म्हणाले, "टाइमकीपर, तुझी पापं फार किरकोळ आहेत रे. तिथं मोठमोठी माणसं रांगेत उभी असतात. तुझा नंबर लागायचा नाही. एखादं बरंसं कर आणि मग ये."

ते मी पुढं केलं.

पोथीसाठी आम्ही एस.टी.नं हिंडत असू. थेरगाव, तळेगाव, एकदा थेट चाकण. गाडी फलाटाला लागायच्या आत गुरुजी खांद्यावरचं उपरणं खिडकीतून आत फेकत. नेम असा की ते बरोब्बर दोघांच्या बाकावर पसरे. मग सावकाश, शेवटून चढत. मला असली जागा धरायला भारी संकोच वाटे. एकदा एक पैलवान उपरणं बाजूला सारून बसला आणि वर म्हणाला, "गुर्जी, फडकं टाकून जागा अडवायची, ह्याला कुठला नरक?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "वस्त्र ठेवून आसन धरण्याला पोथीत बंदी नाही. मी पाहिलंय. ब्राह्मणाच्या उपरण्यावर बसण्याचं मात्र पान आहे. वाचू का?" पैलवान उठला. तसं पान नव्हतं, पण गुरुजींनी आहे कुठं म्हटलं होतं? मी बारकाईनं आठवून पाहिलं. आहे, असं म्हटलं होतं. पण ती एस.टी. होती. पोथीच्या पाटावर बसल्यावर त्यांच्या तोंडून एक मात्रा इकडची तिकडं होत नसे. निदान त्या दिवसापर्यंत.

देहूरोडच्या अलीकडं फाट्यावर उतरून आत चालत गेलं की एक गाव लागे. नाव लिहीत नाही, माणसं आहेत अजून. तिथला म्हादबा नावाचा बागाईतदार गेला. मागं बायको चंद्राबाई आणि दोन मुली. पोथी लागली. पहिल्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं, की सुतकाचं घर असूनही गर्दी जरा जास्त आहे आणि सगळ्यांच्या पुढं, भिंतीला टेकून, म्हादबाचा चुलतभाऊ आबा बसलेला आहे. पांढरं मुंडासं, मिशांना तेल.

भानगड अशी होती. आबाचं म्हणणं, म्हादबानं दर साली नांगरताना बांध थोडा थोडा कोरला आणि बांधावरचा धोंडा आबाच्या रानात सरकवला. तेवढ्या पट्टीत म्हादबाची विहीर. इतकी वर्षं आबा कुरकुर करून गप्प बसला होता. पण आता साखळ्या घेऊन मोजणारी माणसं त्या बाजूला हिंडायला लागली होती, आज इकडं कारखाना येणार म्हणत, उद्या तिकडं. पाणी असलेल्या रानाला भाव येणार हे आबाला कळलं होतं. आणि म्हादबा आता उत्तर द्यायला नव्हता.

आबा भांडला नाही. तो रडला. पोथी सुरू होण्याआधी चंद्राबाईपाशी जाऊन रोज डोळे पुसत म्हणे, "वैनी, दादा माझ्या सपनात येतोय. पानी पानी करतोय. त्या पट्टीपायी जीव अडकलाय त्याचा. जमीन गिळनाऱ्याला काय हुतंय त्ये आता गुर्जीच सांगत्याल. तू पट्टी सोड, म्हंजी त्यो सुटंल."

चौथ्या-पाचव्या दिवशी चंद्राबाई आम्हाला वाटेतच गाठून म्हणाली, "गुरुजी, खरं सांगा. जमिनीचं पाप लई वंगाळ असतंय का?"

"पोथीत आहे," गुरुजी म्हणाले.

"मग मी देती पट्टी. हिरीसकट देती. वांगी-माळवं न्हाई पिकलं तर न्हाई पिकलं, पोरी मजुरीला जात्याल. पर ह्यांना तिथनं काढा."

गुरुजी वाटेकडं वळले. माझ्या खांद्याला धरून पुढं चालू लागले. त्यांचा हात त्या दिवशी फार जड होता.

नरकांचा अध्याय ज्या दिवशी होता त्या दिवशी ओसरी माणसांनी भरून अंगणात सतरंजी टाकावी लागली. रिकाम्या पाटासमोर दिवा. दाराआड बायका, त्यांत पदराचा बोळा तोंडात धरलेली चंद्राबाई. गुरुजींनी सुरुवात केली. दुसऱ्याची भूमी हरण करणाऱ्याचं पान आलं. मी ते सुलटं करून दिलं. त्यांनी वाचलं, सांगितलं, बोट कुठं दाखवलं नाही.

आबा म्हणाला, "गुर्जी, पुन्यांदा वाचा की त्ये जमिनीचं."

गुरुजींनी पुन्हा वाचलं.

"बायकांना न्हाई ऐकू गेलं. आनि येकडाव. मोठ्यानं."

त्यांच्या आवाजाला मोठ्यानं वाच म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस. गुरुजींनी तिसऱ्यांदा वाचलं. दाराआडून हुंदका आला. आबानं मिशीवरून हात फिरवला आणि माणसांकडं वळून हळूच म्हणाला, "ऐकलं का रं? माझं म्हननं न्हाई हे. पोथीचं हाय."

मी पुढचं पान दिलं. त्यावर एकविसावा नरक आणि अध्यायाची समाप्ती. गुरुजींनी ते वाचलं. मग पान खाली ठेवलं नाही. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला, पान डोळ्यांजवळ नेलं. आणि म्हणाले, "आता बाविसावा."

मला वाटलं, माझीच काही चूक झाली. मी फळीवर पाहिलं. पुढचं पान माझ्या हातात होतं आणि त्यावर दुसराच अध्याय सुरू होत होता.

"शोकलुंठन नावाचा नरक," गुरुजी सांगू लागले. त्यांच्या हातातलं पान उलटं होतं. ते फक्त मला दिसत होतं. "जो मनुष्य सुतकाच्या घरी येऊन, मेलेल्याच्या चटईवर बसून, मेलेल्याच्या रानाकडं डोळा ठेवतो, त्याच्यासाठी हा. इथं यमदूत मारीत नाहीत. तापवीत नाहीत. इथं ते त्याला जमीन देतात."

"देत्यात?" कुणीतरी अंगणातून म्हणालं.

"देतात. मागेल तेवढी. बांध नाही, धोंडा नाही, कुंपण नाही. नजर जाईल तिथपर्यंत त्याचीच. वर ऊन. त्याला तहान लागते. लांबवर एक विहीर दिसते. तो चालू लागतो. तो जितका चालतो तितकी ती विहीर एक एक तास, नांगराचा एक एक तास, पुढं सरकते. वाटेत जो भेटेल तो विचारतो, हे रान कुणाचं? यानं म्हणायचं, माझं. प्रत्येक 'माझं' म्हणताना जीभ थोडी थोडी सुजते. अशी ती तोंडात मावेनाशी होते. तरी लोक विचारतच राहतात."

आबाची पाठ भिंतीपासून सुटली होती.

"आणि सुटका?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

गुरुजी थांबले. मला वाटतं, इथपर्यंत त्यांनी ठरवलेलंच नव्हतं. त्यांनी दाराकडं पाहिलं. "ज्या बाईच्या दुःखावर तो टपला, तिनं आपण होऊन, हातानं तांब्या देऊन, 'भावजी, पाणी प्या' म्हटलं पाहिजे. तोवर नाही. इति." आणि त्यांनी ते उलटं पान माझ्या हातात दिलं.

मी पानं फडक्यात बांधत होतो, तेव्हा आबा माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. वाचता येत नसलं तरी माणूस बुद्दू नव्हता. "राव, तुमी शिकल्यालं हायसा. कारखान्यात सायेब हायसा." मी साहेब नव्हतो. "ह्ये बाविसाव्वं... खरंच लिवलंय?"

मी मान डोलावली.

"तसं न्हाई. पोथीवर हात ठिवून सांगा."

गुरुजी दारात चपला शोधत होते. पाठमोरे. मी लाल फडक्यावर हात ठेवला. "लिहिलंय," मी म्हणालो.

माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या स्पष्ट आवाजात काही बोललो नसेन.

परतीच्या एस.टी.त गुरुजींनी उपरणं फेकलं, जागा मिळाली. सोमाटण्याकडून आलेली ती गाडी भाजीवाल्यांनी भरलेली. गाडी सुटल्यावर गुरुजी पुढच्या बाकाकडं बघत म्हणाले, "मी ऐकलं."

"मीही ऐकलं," मी म्हणालो.

"पोथीत भर घालणाऱ्या वाचकासाठी वेगळी जागा आहे. ठाऊक आहे ना? पान तूच देतोस रोज."

"आणि मला?"

"तुला अवीची. खोटी साक्ष, तीही पोथीवर हात ठेवून." त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि पहिल्यांदा हसले. "शेवटी एक बरंसं केलंस रे, टाइमकीपर! आता तुझा नंबर लागेल. आपली गाडी एकच. उतरायचं ठिकाण तेवढं वेगळं."

मग गंभीर होऊन म्हणाले, "तो म्हादबा पाटावर बसून ऐकत होता. आपण खोटं बोललो हे आबाला नाही कळलं. त्याला कळलं असेल."

तेराव्याला आम्हालाही जेवायचं बोलावणं होतं. आबा आला होता, पण भिंतीशी नाही, पार अंगणाच्या टोकाला, चिंचेखाली. पंगत बसायच्या आधी चंद्राबाई घरातून बाहेर आली. हातात तांब्या. सगळ्या माणसांमधून चालत चिंचेखाली गेली आणि खणखणीत म्हणाली, "भावजी, पानी प्या."

आबानं तांब्या घेतला आणि तो वर तोंड करून अखंड प्याला. मिशा, मुंडासं, सदरा सगळं भिजलं. मग हात पुसून, अगदी हळू आवाजात म्हणाला, "वैनी, आनि येक मिळंल का?"

त्यानंतर आबानं पट्टीचा विषय काढला नाही. पण पाण्याचा धसका घेतला. चंद्राबाईच्या दारावरून जाताना, पाऊस पडत असला तरी थांबून पाणी मागायचा. एका तांब्यानं सुटका पुरी झाली नसली तर, ही भीती. ती देई. "भावजींचं प्वाट हाय का टाकी हाय?" म्हणे, पण देई.

वर्षा-दीड वर्षानं चंद्राबाई वांग्याची पाटी घेऊन चिंचवडला आली. वांगी ओट्यावर ओतली आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "गुरुजी, येक सांगायचं राह्यलंय. धोंडा आमच्या ह्यांनी सरकवला व्हता."

गुरुजींच्या हातातली तपकिरीची डबी तशीच राहिली.

"लई न्हाई. दोन-तीन हात. हीर आमच्याच रानात व्हती, तिचा काय संबंद न्हाई. पर धोंडा सरकवला व्हता. परवा गडी लावून मीच मागं घ्येतला. भावजीस्नी बोलवून दावला. त्ये काय बोललं न्हाईत. पानी मागितलं."

ती गेल्यावर गुरुजींनी डबीचं झाकण लावलं. "म्हणजे आबा खरं बोलत होता," म्हणाले.

"थोडं," मी म्हणालो.

"आणि आपण दोघं खोटं. आणि धोंडा जागेवर गेला." त्यांनी एक वांगं उचलून उजेडात धरून पाहिलं. "टाइमकीपर, याला कुठला नरक, ते मला ठाऊक नाही." गुरुजींच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

पण बाविसावा आता आमच्या हातात राहिला नव्हता. शोकलुंठन हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, आकडा मात्र बसला. गावोगावची माणसं येऊन सांगू लागली, "गुर्जी, आमच्याकडं पोथी लावा. बाविसाव्वं जरा लांबवून सांगा, मेव्हणा येनाराय." गुरुजी म्हणत, "ते एकदाच वाचतात." लोक म्हणत, वाढवून दक्षिणा देतो. गुरुजी खेकसत, "तो पोवाडा नव्हे!" मग लोकांनी त्यांना बोलावणं कमी केलं. थेरगावला एक तरुण भटजी निघाला होता, तो बाविसावा रंगवून सांगे. गुरुजी एकदा मुद्दाम जाऊन मागं बसून ऐकून आले. मी विचारलं, कसं सांगतो? "आवाज बरा आहे. विहिरीच्या जागी त्यानं नळ घातलाय. माणूस जवळ गेला की नळ जातो." मग जरा थांबून, "मी त्याला काय म्हणू? पोथीत नाही म्हणून?"

बाकी गुरुजींचं ते पूर्वीचं ओरडणं मात्र वांग्यांच्या त्या दिवसापासून थांबलं. दूधवाला गटाराला पुन्हा नरक म्हणू लागला. एकदा तो चोरट्या नजरेनं ओट्याकडं बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. गुरुजी नुसते म्हणाले, "असेल बुवा." दूधवाला इतका घाबरला की संध्याकाळी फावडं घेऊन त्यानं गटार स्वतः काढलं.

परवा चाकणला एका चहाच्या टपरीवर दोन कामगार भांडत होते. पोरसवदा होते. एकाच्या आजीची जागा दुसऱ्याच्या मामानं लाटली होती, असं काहीसं. पहिला म्हणाला, "तुझा मामा बाविसाव्यात जाणार बघ, भावा!" दुसरा म्हणाला, "बाविसावा बिविसावा काय नसतंय." पहिला उसळून म्हणाला, "नसतंय कसं? गरुडपुराणात लिहिलंय! विचार कुणाही जुन्या माणसाला." आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. तिथला जुना माणूस मीच होतो.

मी म्हणालो, "लिहिलंय."

दुसऱ्यांदा. आता तर पोथीवर हात ठेवायलाही कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला घरी येऊन हे सगळं सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं सलग. ती म्हणाली, "एवढंच? मला वाटलं सातारला कुणी दुसरी होती."

गुरुजी गेले तो दिवस सांगायचा राहिला. मेले तो नव्हे. ते पुढं नगरला, लेकीच्या घरी, झोपेत. ते चिंचवड सोडून गेले तो. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला, हातानं स्वयंपाक होईना. लेक न्यायला आली. आम्ही स्टँडवर उभे. त्यांच्या काखेत लाल फडक्यातली पोथी. गाडी आली तशी गर्दी उसळली. गुरुजींनी सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, पण खिडकी कुठं आहे तेच त्यांना दिसेना. तसेच हात वर करून उभे राहिले. मी त्यांच्या हातातून उपरणं घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीतून आत फेकलं. ते बाकावर न पडता एका बाईच्या डोक्यावर पडलं. तिनं मला अशा शिव्या दिल्या की त्या ऐकून गुरुजींना मनापासून आनंद झाला. पण जागा मिळाली.

मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि खाली उतरलो. काही बोलायला हवं होतं. मला बोलता येत नाही. मी विचारलं, "गुरुजी, तिकडं... खरंच वेगवेगळं उतरावं लागेल?"

लेकीला वाटलं मी नगरविषयी विचारतोय. ती सांगायला लागली. गुरुजींनी तिला हातानं थांबवलं आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी अंदाजानं माझ्याकडं वाकले.

"तू अवीचीला उतरू नकोस," म्हणाले. "तिथलं पाणी म्हणजे दगड असतो. बसून राहा, तसाच पुढं ये. मी आधी जातोय. उपरणं टाकून ठेवीन."